चारशे माणसांच्या गावाची ढाल

आमच्या दुकानात मानसन्मान किलोवर मिळत नाही, एवढंच. बाकी सगळ्या प्रकारांत मिळतो. काचेत, ॲक्रिलिकमध्ये, पितळेत, लाकडात, आणि फारच घाई असेल तर सोनेरी स्टिकरवर. दुबईत, करामातल्या एका जुन्या चारमजली इमारतीच्या तळमजल्यावर, डोशाचं हॉटेल आणि मोबाइल दुरुस्तीचं दुकान यांच्या मधे आमचं दुकान. गेली अकरा वर्षं मी तिथं काउंटरमागे बसून मजकूर लिहिते. मराठी, हिंदी, इंग्रजी. 'आपल्या निरपेक्ष सेवेची नम्र दखल' हे वाक्य मी इतक्यांदा लिहिलंय की आता बोटं ते माझ्याशिवाय लिहितात. त्यातले निम्मे लोक निरपेक्ष नव्हते हे मला माहीत आहे. ढाल किती इंची हवी आणि नावाआधी काय काय लावायचं, हे ते स्वतःच येऊन सांगून जायचे.

तेव्हा थाटामाटाबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. ते बदलावं असं काही घडलंही नाही. हे लिहितेय ते एका चुकीबद्दल. ती मी केली आणि भोगली दुसऱ्यानं.

तो दुसरा म्हणजे आमचे चाचा. श्रीवर्धनच्या बाजूचे, वय एकसष्ट. तरुणपणी इथल्या खाडीत लाकडी गलबतांच्या डागडुजीला आले. मग बंगल्यांचे दरवाजे कोरले, मग दरवाजे कारखान्यातून तयार यायला लागल्यावर आमच्या मालकांकडे ढाली करू लागले. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात आमचं वर्कशॉप आहे. तिथं एका कोपऱ्यात चाचांचं बाक, आणि बाकी सगळ्या जागेत कोरीव काम करणारं मशीन. मशीनला फाइल द्यायची, लाकूड लावायचं, आणि चहा प्यायला जायचं. चाचा त्या मशीनकडे पाठ करून बसायचे. डोळ्यांवर एकावर एक असे दोन चष्मे.

त्यांचा व्हिसा दोन महिन्यांत संपत होता. साठी उलटलेल्या माणसाचा व्हिसा पुढे वाढवायचा म्हणजे मालकाला जरा जास्त धावपळ, जास्त विमा, जास्त कागद. चाचा दुकानात आले तो प्रसंग माझ्यासमोरच झाला.

"शेठ, अजून दोन वर्षं."

"चाचा, आता आराम करा की. मुलगा आहे, घर बांधलंत, आंबे आहेत."

"आंबे झाडाला लागतात शेठ, त्यात मी काय करू? इथं मी कारागीर आहे. तिथं गेलो की नुसता म्हातारा."

मालक वाईट माणूस नाहीत. ते पेनाचं टोपण काढत-घालत राहिले आणि म्हणाले, "बघू."

त्याच आठवड्यात तो जर्मन आला.

अबुधाबीजवळच्या खलिफा सिटीतून तो स्वतः गाडी चालवत आला होता. बसा म्हटलं तरी बसेना. उंच, वाकलेला, मोठमोठ्या इमारती गार ठेवणाऱ्या प्लांटवर तीस वर्षं काम करून निवृत्त झालेला इंजिनियर. महिन्याभरात कायमचा परत चालला होता. हातात प्लॅस्टिकचं फोल्डर, आणि त्यात एका पुस्तिकेच्या पानाची झेरॉक्स.

"हे माझ्या गावाचं चिन्ह आहे," तो म्हणाला. "लाकडात हवंय. हातानं कोरलेलं. तीन दुकानांत गेलो, तिघांनीही मशीन दाखवलं."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं, मी मालकांकडे. दोघांनाही चाचा आठवले.

"हातानं होईल साहेब," मालक म्हणाले. मग माझ्याकडे वळून मराठीत, "हे काम नीट झालं ना मॅडम, तर चाचांचं बघता येईल." मी ते त्याच दिवशी फोनवरून चाचांना सांगितलं. सांगायला नको होतं, पण चांगली बातमी पोटात ठेवायची सवय मला नाही.

जर्मन गृहस्थानं गावाबद्दल सांगितलं ते मी खरंच मन लावून ऐकलं. चारशे वस्तीचं गाव. पूर्वी स्वतःची पंचायत होती; मग सरकारनं खर्च वाचवायला आसपासची गावं एकत्र केली आणि याचं गाव पत्त्यातली तिसरी ओळ होऊन राहिलं. नव्या मोठ्या पंचायतीचं चिन्ह वेगळं. त्यामुळे याच्या गावाचं चिन्ह आता सरकारदरबारी कुणाचंच नाही. ते फक्त बसथांब्यावर आणि गावकरीच चालवतात त्या अग्निशमन दलाच्या खोलीत उरलंय. त्या खोलीतली जुनी लाकडी ढाल ओल लागून कुजली, आणि यानं दलातल्या मित्रांना शब्द दिला होता की येताना नवी घेऊन येईन.

"तीस वर्षं बाहेर राहिलेला माणूस रिकाम्या हातानं आला," तो म्हणाला, "तर लोक विचारतात, इतकी वर्षं केलंस काय?"

"आमच्याकडेही विचारतात," मी म्हटलं.

मग त्यानं पुस्तिकेतला मजकूर वाचून इंग्रजीत सांगितला. वरच्या भागातलं पाणचक्कीचं चाक म्हणजे पूर्वजांचे अखंड परिश्रम. खालचा नागमोडी पट्टा म्हणजे गावाला जीवन देणारा ओढा. चाकाला आठ आरे, कारण गावात मूळची आठ घराणी. ऐकता ऐकता मला ओळख पटली. मजकुराची नव्हे, मजकूर लिहिणाऱ्याची. कुठल्यातरी जर्मन गावात, कुठल्यातरी टेबलामागे, माझ्यासारखाच कुणीतरी बसला असणार, आणि गावातल्या मंडळींनी त्याला सांगितलं असणार की जरा भारदस्त लिहा. आमच्या गावाचं चिन्ह म्हणजे ग्रामपंचायतीचा जांभळा रबरी शिक्का, आणि त्यातही तालुक्याचं नाव नेहमी पुसट उठायचं. त्याचा अर्थ सांगायची वेळ कुणावर आली नाही हे एका परीनं बरंच झालं.

"आणि रंग?" मी विचारलं.

"रंग चित्रात आहेत." त्यानं कागदावर बोट ठेवलं.

मी पाहिलं. काळी-पांढरी झेरॉक्स. चाकावर बारीक ठिपके, चाकामागे उभ्या रेघा, ओढ्यात आडव्या रेघा, ओढ्याच्या दोन्ही बाजूंना कोरी जागा. रंग कुठेच नव्हता. मी मान डोलावली.

चूक झाली ती इथं. 'म्हणजे काय?' एवढे दोन शब्द विचारायचे होते. पण मी आयुष्यभर पुस्तकं वाचलेली बाई. कागदावर बोट ठेवून कुणी काही दाखवलं आणि ते मला दिसलं नाही, हे कबूल करायचा मला सराव नव्हता. मी मनातल्या मनात ठरवून टाकलं की त्याला रंग नकोच आहेत, लाकडाचा लाकडी रंगच हवा आहे, आणि त्याचं इंग्रजी जरा अवघडलेलं आहे. स्वतःचं अज्ञान दुसऱ्याच्या इंग्रजीवर ढकलण्याची सोय परदेशात फार चांगली असते.

मालकांनी त्याला विचारलं, मधेमधे व्हॉट्सॲपवर फोटो पाठवू का. तो नको म्हणाला. तीस वर्षं फोटो बघून कामं पास केली, आता हे एक पूर्ण झाल्यावर समोर बघेन, म्हणाला.

चाचांनी सागाच्या दोन फळ्या निवडल्या. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला.

"बाई, चाक झालं. पण हे ठिपके कशाचे?"

मी काउंटरवर एका मंडळाच्या अध्यक्षांना 'समाजभूषण' आणि 'समाजरत्न' यांतला फरक समजावत होते. तो मलाही माहीत नव्हता. मी झेरॉक्सकडे एक नजर टाकली.

"पीठ असेल चाचा. पिठाची चक्की ना."

"पीठ?" चाचा म्हणाले. "बाई, हे चाक पाण्यात फिरणारं. बाहेर असतं. पीठ आत पडतं."

"जर्मनीत उडत असेल बाहेर."

"आणि मागच्या उभ्या रेघा?"

"पाऊस."

"आणि ओढ्यात आडव्या?"

"वाहतं पाणी. चाचा, चित्रात आहे तसं करा. जसंच्या तसं. एक रेघ इकडची तिकडे नको."

चार दिवसांनी त्यांनी पुन्हा विचारलं. या वेळी फोनवर नाही, गाडीतून माल घेऊन दुकानात आले तेव्हा. "बाई, त्या साहेबाला एकदा विचाराल का? ठिपके फार आहेत. पीठ म्हणून मनाला पटत नाही."

मी म्हटलं, "विचारलंय." विचारलं नव्हतं. जेवणाची वेळ झाली होती आणि मला थकवा आला होता. याहून मोठं कारण मला आजही सापडत नाही. इथं थकवा हा हवामानाचाच भाग आहे, त्याच्या नावावर बरंच काही खपतं.

चाचांनी ते सगळे ठिपके कोरले. त्यासाठी त्यांनी एका जाड खिळ्याचं टोक घासून गोल केलं, आणि हातोडीचा एकेक हलका ठोका देत एकसारख्या खोलीचे ठिपके पाडले. उभ्या रेघा सर्वांत बारीक पटाशीनं. दिवसाला वीतभरही काम होत नसे. तीन आठवडे लागले.

ठरलेल्या दिवशी मालक मला आणि जर्मन गृहस्थाला घेऊन शारजाला गेले. चाचांनी बाकावर जुनी चादर अंथरून त्यावर ढाल ठेवली होती. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. तो मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि तो पाहून मला का कोण जाणे बरं वाटलं नाही.

जर्मन वाकला. चष्मा लावला. अंगठा चाकावरून फिरवला, मग मागच्या रेघांवरून. पुन्हा चाकावर आला.

"हे तुम्ही छापील चित्र कोरलंय," तो शेवटी म्हणाला.

"हो," मी म्हटलं. "जसंच्या तसं."

"नाही. म्हणजे..." त्याला माझी कीव आली असावी, तो हळू बोलायला लागला. "पूर्वी छापखान्यात एकच शाई असायची. काळी. मग रंग कसे दाखवणार? त्यासाठी खुणा ठरलेल्या आहेत, शेकडो वर्षांच्या. ठिपके म्हणजे सोनेरी. उभ्या रेघा म्हणजे लाल. आडव्या म्हणजे निळा. कोरं म्हणजे चांदी. या रेघा चित्राचा भाग नाहीत. त्या फक्त सांगतात, इथं कुठला रंग द्या."

वर्कशॉपमध्ये मशीन चालू होतं. कुणीतरी ते बंद केलं, त्यामुळे आणखीच वाईट झालं. हे सगळं मला चाचांना मराठीत सांगावं लागलं. अकरा वर्षांत इतका अवघड मजकूर माझ्या वाट्याला आला नव्हता.

चाचांनी ऐकून घेतलं. "म्हणजे हे पीठ नाही?"

"नाही."

"सोनं?"

"सोनेरी रंग."

"आणि पाऊस?"

"लाल."

त्यांनी वरचा चष्मा काढून हातात धरला. "म्हणजे तीन आठवडे मी लाल रंग कोरत होतो?"

मालक पुढे आले. "कसलं पीठ? पाऊस कसला?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. बाकाखाली सागाचा भुसा होता, आणि तो झाडून एका बाजूला नीट केलेला होता.

"काही नाही शेठ," चाचा म्हणाले. "मला वाटलं होतं तसं."

मालकांचा तोल जायला लागला होता. "बरं, वरून पेंट मारू या. यल्ला, चला, अर्ध्या दिवसाचं काम."

जर्मननं मान हलवली. रेघांवर रंग दिला तर लाल भिंतीवर 'लाल' असं लिहून ठेवल्यासारखं दिसेल, म्हणाला. अग्निशमन दलात एक निवृत्त मास्तर आहे, तो मरेपर्यंत ते विसरू देणार नाही. आणि सामानाचा कंटेनर पुढच्या आठवड्यात निघतोय.

"मशीनवर नवी करून देतो," मालक म्हणाले. "दोन दिवस. रंगासकट. तुम्ही फक्त बरोबर रंग सांगा."

जर्मन थोडा वेळ बाकाकडे बघत राहिला आणि मग हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? मग त्यालाच अवघडल्यासारखं झालं आणि चाचांना बरं वाटावं म्हणून तो त्या चिन्हाची खरी गोष्ट सांगू लागला. पुस्तिकेत नव्हती ती.

गावाला चिन्ह असावं असं एका पिढीपूर्वीच्या मंडळींना वाटलं, कारण शेजारच्या गावानं केलं होतं. त्यांना नांगर हवा होता. जिल्ह्याच्या दप्तरखान्यानं कळवलं की नांगर आधीच बऱ्याच गावांनी घेतलाय, दुसरं काहीतरी सुचवा. गावातल्या मास्तरांना एका जुन्या नकाशावर 'चक्कीचं शेत' असं नाव सापडलं, म्हणून त्यांनी चाक काढलं. आठ आरे काढले, कारण कंपासनं आठ भाग करणं सोपं. घराण्यांची गोष्ट नंतर कुणीतरी जोडली. चिन्ह मंजूर झालं, मिरवणूक निघाली, आणि मग म्हाताऱ्यांपैकी एकानं सांगितलं की चक्की आपल्या गावात कधी नव्हतीच. ती शेजारच्या गावाची, शेत फक्त तिच्याकडे जाणाऱ्या वाटेवर. "आता दोन्ही गावं एकाच पंचायतीत आहेत," जर्मन म्हणाला, "तेव्हा कायद्यानं चक्की आमची झाली. थोडी उशिरा."

मला ती गोष्ट फार आवडली असती, दुसऱ्या कुठल्या दिवशी. मी ती चाचांना सांगितली. अख्खं गाव एका चुकीसमोर टोपी काढतं, असंही माझ्या पदरचं जोडलं.

चाचा म्हणाले, "त्यांची चूक भिंतीवर लागली. माझी कुठं लावू?"

हे मी भाषांतर केलं नाही.

परतताना आम्ही शारजा-दुबई रस्त्यावर अडकलो. जर्मन स्वतःच्या गाडीनं गेला होता. गाडीत मी आणि मालक दोघंच, समोर लाल दिव्यांची न संपणारी रांग. मी सगळं सांगितलं. पीठ, पाऊस, वाहतं पाणी, आणि न विचारताच 'विचारलंय' म्हटलेलंही.

मालक आधी हसले. "पीठ!" म्हणाले, आणि डोळे पुसायची वेळ आली. मग पुन्हा समोरच्या रांगेकडे बघू लागले.

"म्हणजे चाचांची काही चूक नाही," मी म्हटलं. "काम त्यांनी चोख केलं. तुम्ही व्हिसाचं..."

"मॅडम, खरं सांगू? हे काम उत्तम झालं असतं ना, तरी मी एवढंच केलं असतं की अजून एक महिना 'बघू' म्हटलं असतं. तुम्ही मराठी लिहिता ना? 'बघू'चा अर्थ तुम्हाला माहीत नाही?"

"मग मला असं का सांगितलंत, की काम नीट झालं तर?"

"त्यांना सांगायचं नव्हतं. मी तुम्हाला सांगितलं होतं."

पुढची गाडी हलली, आम्ही दोन हात पुढे गेलो आणि थांबलो.

"तुमच्यावर मी ओरडू पण शकत नाही," ते म्हणाले. "तुम्ही नवऱ्याच्या व्हिसावर. उद्या सोडून गेलात तरी तुमचं काय बिघडतं?"

त्यात खोटं काही नव्हतं. माझ्या चुकीची झळ मला लागणार नाही अशी व्यवस्था आधीपासूनच होती. फक्त ती मी कधी तशी पाहिली नव्हती.

घरी आल्यावर मुलीला सांगितलं. ती इथंच वाढली, मराठी कळतं, उत्तर इंग्रजीत देते. तिनं फोनवरून डोळे न उचलता विचारलं, "आई, व्हाय डिडन्ट यू जस्ट गूगल इट?"

मी स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला.

दोन दिवसांत मशीननं दुसरी ढाल केली. लाल, सोनेरी, चांदी, निळी. चकचकीत, निर्दोष. लांबून ती खेळण्यातल्या गाडीवर असावी तशी दिसत होती, पण रंग बरोबर होते आणि जर्मनला ती चालली. पहिली ढाल चाचांच्या बाकावरच पडून होती. चाचांचा व्हिसा रद्द करण्याच्या अर्जावर मालकांनी सही केली. तिकीट पुढच्या महिन्याच्या सात तारखेचं.

मी शारजाला गेले, बसनं. मालकांच्या गाडीत बसायचं मन नव्हतं. चाचा नेहमीच्या कपड्यांत होते आणि एका शाळेच्या ढालीला पॉलिश पेपर मारत होते. मी म्हटलं, चाचा, मी शेठना सगळं सांगितलं, माझी चूक होती म्हणून.

त्यांनी हात थांबवला नाही. "शेठला सांगून काय?"

"मला वाटलं..."

"मी दोनदा विचारलं होतं, बाई. दोनदा! मला पटत नव्हतं ते. चाकावर पीठ! आमच्या गावातलं शेंबडं पोर हसेल. पण मी म्हटलं, बाई शिकलेल्या आहेत, त्यांना माहीत असेल." आता त्यांनी कागद खाली टाकला. "माहीत नव्हतं तर माहीत नाही म्हणायचं होतं. त्यात काय जीभ झडते?"

"नाही."

"आणि त्या दिवशी इथं उभ्या होतात. मी वाट बघत होतो. तुम्ही भुसा बघत बसलात."

बोलण्यासारखं सगळं ते बोलले होते.

जरा वेळानं त्यांनी स्वतःच थर्मासमधला चहा ओतून माझ्यापुढे सरकवला. राग गेला नव्हता. पण चहा देणं ही त्यांच्याकडे रागाहून जुनी गोष्ट होती.

"मी जाणार, ते मला कळलंय," ते म्हणाले. "व्हिसाचे अर्ज भरतात त्या टायपिंग सेंटरमधला पोरगा आमच्या बाजूचाच आहे, त्यानं सांगितलं. जाऊ दे. पण तो गोरा माणूस असं समजून चाललाय की या म्हाताऱ्याला काही कळत नव्हतं, दिसलं ते ठोकत बसला. त्याला सांगा. शेठला नको, त्याला. मी विचारलं होतं म्हणावं."

मी तिथूनच फोन लावला. यापूर्वी मी जगात कुणाशीच इतक्या साध्या इंग्रजीत बोलले नसेन. ठिपके कसले ते मला माहीत नव्हतं. कारागिरानं मला दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा खोटं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, उद्या दुपारी तिकडे येतो.

तो आला तेव्हा मालक नव्हते. मी होते, दुभाष्या म्हणून. तेवढं तरी नीट करायचं ठरवलं होतं. त्यानं चाचांशी हात मिळवला आणि फोल्डरमधून तीच झेरॉक्स काढून ढालीशेजारी ठेवली. मग इंजिनियर एखादं यंत्र ताब्यात घेण्याआधी तपासतो तसा तो एका कडेनं सुरू झाला. बोट कागदावर, अंगठा लाकडावर. "लाल," तो म्हणाला. पुढे सरकला. "सोनेरी. पुन्हा लाल. इथं चांदी, बरोबर, कोरं ठेवलंय. निळा." मी दर वेळी मराठीत सांगत होते, पण तिसऱ्या-चौथ्या शब्दानंतर चाचांनी मला हातानं गप्प केलं. त्यांना कळत होतं.

खालच्या एका आऱ्यापाशी जर्मन थांबला. तिथं ठिपक्यांच्या मधे बोटाच्या पेराएवढी जागा रिकामी होती.

"इथं सोनं कमी पडलंय," तो म्हणाला.

मी सांगितल्यावर चाचा उठले. त्यांनी दोन्ही चष्मे लावले, झेरॉक्स उचलली आणि उजेडाकडे धरली. मग नखानं दाखवलं. कागदावर त्याच आऱ्यात, त्याच जागी, झेरॉक्सची शाई उठली नव्हती.

"त्यांच्या कागदावर नाही," चाचा म्हणाले. "बाईंनी सांगितलं होतं, जसंच्या तसं."

जर्मननं कागद आपल्या हातात घेतला, पाहिला, आणि मान खाली घालून जोरात हसला. चाचा हसले नाहीत. पण ते मागे होऊन बाकाला टेकले, आणि त्यांच्या खांद्यांतला ताठरपणा गेलेला मला दिसला.

"ही मला न्यायची आहे," जर्मन म्हणाला. "दलाच्या खोलीत नाही. तिथं ती मशीनची लागेल, तिथं तीच बरी. ही माझ्या घरात."

मी मालकांना फोन केला. ते म्हणाले, घेऊन जाऊ दे, इथं पडून काय उपयोग. मी ते चाचांना सांगितलं. त्यांनी ढाल लगेच दिली नाही. आधी मेणाचा डबा काढला, फडकं घेतलं, आणि उभ्या रेघांतून एकेक करत मेण फिरवलं. अर्धा तास गेला. जर्मन उभाच होता, नेहमीसारखा. मग चाचांनी ती बाकावरच्या चादरीत गुंडाळली, दोरी बांधली, आणि गाठीवर हात ठेवून मला म्हणाले, "आता हे त्यांना नीट सांगा, बाई. पुढं-मागं काही घालू नका."

"सांगा."

"हे लाकूड इथल्या उन्हात वाळलंय. तिकडे ओल. गेल्या गेल्या भिंतीवर ठोकू नका म्हणावं, फुटेल. एक पावसाळा, त्यांच्याकडे जो काय असेल तो, आडवं ठेवा. चुलीपासून लांब. ते फुगेल, थोडं वाकेलही. घाबरायचं नाही. मागं जागा सोडलीय मी. त्याला तिथली हवा लागू दे, मग लावा."

मी शब्दन्‌शब्द सांगितलं. जर्मननं खिशातून वही काढली आणि लिहून घेतलं. 'एक पावसाळा' याला त्याच्याकडे किती महिने धरायचे, तेवढं त्यानं परत विचारलं. मी चाचांना विचारलं.

"चार," चाचा म्हणाले. "त्यांच्याकडे थंडी जास्त. सहा धरा."